चांगली गाय म्हणजे कोणाची आई?

शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या एखाद्या शाळेत सातवी-आठवीच्या वर्गाला विचारून पाहा : "चांगली गाय कोणती?" बहुतेक सगळे हात वर येतील आणि उत्तर एकच असेल, "जास्त दूध देणारी." कुणी लिटरचा आकडाही सांगेल. आता हाच प्रश्न मुलांना घरी जाऊन आजोबा-पणजोबांना विचारायला सांगा. दुसऱ्या दिवशी निदान एक-दोन मुले वेगळे उत्तर घेऊन येतील : "जिच्या पोटचा खोंड चांगला निघतो, ती."

दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. पण त्यांच्यामध्ये जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. गायीची वंशरेषा कशी निवडायची, हा प्रश्न दिसायला आनुवंशशास्त्राचा आहे. त्याच्या आधी मात्र आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो : ही गाय आपल्याला कोणाची आई म्हणून हवी आहे? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भीमेच्या काठी कसे बदलत गेले आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत काय पडली, ते या लेखात पाहू.

बैलाची आई

भीमेच्या दोन्ही अंगांचा हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस थोडा आणि लहरी. नदीकाठ सोडला की माळरान आणि ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती. इंजिने आणि विजेचे पंप येण्यापूर्वी नांगर, कुळव, पाभर, विहिरीवरची मोट आणि बाजाराची गाडी हे सगळे ओझे बैलाच्या खांद्यावर होते. घरात खात्रीची बैलजोडी नसेल, तर पेरणीची वेळ साधत नसे.

अशा शेतकऱ्याच्या नजरेतली नावाजलेली जात म्हणजे खिल्लार. तिचे मूळ क्षेत्र माणदेश, म्हणजे सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांचा दुष्काळी पट्टा. आटपाडी, म्हसवड, सांगोला ही नावे खिल्लारीशी कायमची जोडलेली आहेत. 'खिल्लार' या शब्दाचा अर्थच मुळी गुरांचा कळप. पांढरा किंवा करडा रंग, लांब निमुळती शिंगे, आटोपशीर बांधा, टणक खूर आणि चपळ चाल. दुधाच्या हिशेबाने मात्र ही गाय फारच मागे. एका वेतात साधारण चारशे लिटरच्या आसपास, तेही वासराचे पिऊन झाल्यावर जे उरेल ते.

मग ही गाय वाईट का? त्या काळच्या शेतकऱ्याने असे कधीच म्हटले नसते. कारण दूध त्याला विकायचे नव्हते. ते खोंडाच्या अंगी लागायला हवे होते. गोऱ्हा झाला की त्याला आईच्या चारही सडांचे दूध पिऊ देत. वाट्याला आलेल्या कालवडीला मात्र हात आखडता घेत. तीन-चार वर्षांनी त्या खोंडाची जोडी यात्रेच्या बाजारात उभी राही, तेव्हा गायीचे सगळे दूध एकरकमी परत मिळे. दरवर्षी वेत देणारी, दुष्काळात वाळक्या कडब्यावर टिकणारी, वासराला अंगाशी घेणारी आणि कामाचा खोंड देणारी गाय ती चांगली आई.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. खिल्लारीचा जाणकार गायीचे मोल तिच्या स्वतःच्या अंगावरून फारसे ठरवत नसे. तिच्या आधीच्या वेतांचे खोंड कसे निघाले, ते तो विचारी. म्हणजे तो आईची परीक्षा मुलांवरून घेत होता. आनुवंशशास्त्रात ज्याला 'संतती-परीक्षण' म्हणतात, त्याचे हे घरगुती रूप होते.

मात्र त्यात दोन त्रुटी होत्या. पहिली अशी की आई वासराला दोन गोष्टी देते : पोटात असताना जनुके आणि जन्मल्यावर दूध. खोंड दणकट निघाला तो चांगल्या जनुकांमुळे की भरपूर दुधामुळे, हे नुसत्या खोंडाकडे पाहून सांगता येत नाही. दुसरी त्रुटी अधिक मोठी होती. आईची आठवण घरोघर ठेवली जाई, बापाची नाही.

बाप कोण?

माणदेशात निवडक वळू सांभाळणारे लोक होते. पण इतर पुष्कळ गावांत देवाच्या नावाने सोडलेला पोळ किंवा रानात कळपाबरोबर फिरणारा एखादा खोंड हाच गायींचा वर. तो सगळ्यांचा, म्हणजे कोणाचाच नाही. वळू पोसायचा खर्च एकाने करायचा आणि फायदा सगळ्या गावाने घ्यायचा, हे फार दिवस चालत नाही. शिवाय चांगल्या खोंडाला बैल म्हणून भाव असल्यामुळे त्याचे खच्चीकरण होई आणि तो औताला जुंपला जाई. ज्याला कोणी विकत घेणार नाही, असा मरतुकडा खोंड तेवढा वळू म्हणून शिल्लक राही. म्हणजे आईची निवड डोळसपणे आणि बापाची निवड नेमकी उलटी!

ही अडचण सरकारच्याही लक्षात आली होती. १९२६ मध्ये नेमलेल्या शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात देशातल्या गुरांच्या निकृष्ट अवस्थेचा विस्ताराने विचार केला. चारा कमी, म्हणून गुरे दुबळी. गुरे दुबळी, म्हणून काम उरकायला ती संख्येने जास्त ठेवायची. आणि संख्या जास्त, म्हणून चारा आणखी कमी. असे हे दुष्टचक्र आयोगाने दाखवून दिले. १९३३ मध्ये मुंबई प्रांतात पशुधन सुधारणेचा कायदा झाला. जेथे तो लागू होई तेथे परवान्याशिवाय वळू ठेवता येत नसे आणि अयोग्य वळूचे खच्चीकरण करता येई. कायद्याने नको असलेला बाप दूर करता आला. हवा असलेला बाप कसा ओळखायचा, हा प्रश्न तसाच राहिला.

वळू दूध देत नाही

कामाचा बैल हवा असेल, तर वळूच्या अंगाकडे पाहून थोडा तरी अंदाज येतो. उंची, छाती, पाय, चाल डोळ्यांना दिसते. पण दूध हवे असेल तर? वळूला कास नसते. तरीही त्याच्या मुलींच्या दुधातली अर्धी जनुके त्याच्याकडूनच आलेली असतात. जो स्वतः दूध देत नाही, त्याची दूध देण्याची जनुके तपासायची कशी?

पहिला मार्ग सगळ्यांनाच सुचतो : वळूची आई पाहायची. तो कितपत भरवशाचा आहे ते हिशेब करून पाहू. समजा एका गोठ्यातल्या गायी दिवसाला सरासरी १० लिटर दूध देतात आणि त्यांतली एक गाय २० लिटर देते. ही गाय सरासरीहून १० लिटरने सरस. पण हा सगळा फरक जनुकांचा नसतो. खुराक, आरोग्य, वय, विण्याचा हंगाम, निगा यांचाही त्यात वाटा असतो. दुधाच्या बाबतीत गायी-गायींमधल्या फरकापैकी ढोबळमानाने ३० टक्के भाग वारशाने पुढे जाणारा असतो. म्हणजे १० पैकी ३ लिटर. त्यातली अर्धीच जनुके वासराला मिळणार. म्हणून या नामांकित गायीच्या मुलीकडून सरासरीपेक्षा सुमारे दीड लिटरच जास्त दुधाची अपेक्षा ठेवता येते. "आई वीस लिटरची, मुलगी बाराचीसुद्धा नाही" अशी तक्रार करणाऱ्याला कोणी फसवलेलेच असते असे नाही. पुष्कळदा ते साधे गणित असते.

दुसरा मार्ग म्हणजे वळूच्या मुली पाहायच्या. एका मुलीवरून काही कळत नाही. बापाच्या जनुकांपैकी कोणती अर्धी तिच्याकडे आली, हा नाणेफेकीसारखा योगायोग असतो. पण मुली वाढत गेल्या, की योगायोग एकमेकांना काटतात. संख्याशास्त्राने हिशेब केला तर आईच्या एका वेताच्या नोंदीवरून वळूबद्दल बांधलेल्या अंदाजाची अचूकता सुमारे ०.२७ येते. येथे १ म्हणजे अगदी अचूक आणि ० म्हणजे निव्वळ अंधारात मारलेला खडा. वेगवेगळ्या गोठ्यांतल्या १० मुलींच्या नोंदी असतील तर ही अचूकता ०.६७ होते आणि ५० मुलींच्या असतील तर ०.९ च्या आसपास.

वर्गात हे नाण्यांनी सहज दाखवता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याला दहा नाणी उडवायला सांगा. छापा म्हणजे एक जास्तीचा पेला दूध. एकेकट्या मुलाचे छापे तीन येतील, आठही येतील. पण पन्नास मुलांची सरासरी काढा. ती पाचाच्या अगदी जवळ येईल. आता अर्ध्या वर्गाला दहाऐवजी बारा नाणी द्या. हा झाला 'सरस वळू'. दोन-दोन मुलांची तुलना केली तर कोणता वळू सरस ते कळणार नाही, अर्ध्या-अर्ध्या वर्गाची केली तर कळेल.

हे गणित मांडले जाण्याच्या कितीतरी आधी ते काही लोकांनी अनुभवाने ओळखले होते. इंग्लंडमध्ये लेस्टरशर परगण्यातल्या डिशली येथील रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) हा शेतकरी आपले वळू आणि मेंढे विकण्याऐवजी हंगामापुरते भाड्याने देई. त्यांची पिल्ले दुसऱ्यांच्या कळपांत कशी निघतात ते पाही आणि उत्तम ठरलेला नर परत आपल्या कळपात वापरी. पण दुधासाठी संतती पाहायची, तर नोंद लागते. ती सोय डेन्मार्कच्या लहान शेतकऱ्यांनी केली. १८९५ मध्ये व्हेयेन या गावी त्यांनी दूध-नोंदणीची संस्था काढली. संस्थेचा माणूस ठराविक दिवसांनी प्रत्येकाच्या गोठ्यात जाई, प्रत्येक गायीचे दूध मोजी, त्यातली स्निग्धता तपासी आणि वहीत लिहून ठेवी. एकट्याला न परवडणारी वही त्यांनी सहकाराने परवडेल अशी केली.

उरळीचा प्रयोग

आता पुन्हा आपल्या भागात येऊ. पुणे-सोलापूर रस्त्यावर, दौंड तालुक्याच्या वेशीलगत, हवेली तालुक्यात उरळी कांचन हे गाव आहे. मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधी येथे मुक्कामाला आले आणि त्यातून निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. आश्रमाच्या कामासाठी मागे राहिलेल्यांत गुजरातेतून आलेले मणिभाई देसाई (१९२०–१९९३) हे तरुण कार्यकर्ते होते. ते जन्मभर उरळीलाच राहिले. आश्रमात त्यांनी सौराष्ट्रातल्या गीर गायींचा कळप जोपासला. नीट खुराक, स्वच्छ गोठा आणि काटेकोर निवड यांच्या बळावर देशी गायही चांगले दूध देऊ शकते, हे त्यांनी तेथे दाखवून दिले.

पण आश्रमाच्या गोठ्यात जे जमले ते भोवतालच्या शेतकऱ्याच्या दावणीला कसे पोहोचावे? त्याच्याकडे गीर नव्हती. एक-दोन गावरान गायी होत्या, दिवसाला लिटर-दोन लिटर दूध देणाऱ्या. निवड करत करत त्यांचे दूध वाढवायचे, तर कित्येक पिढ्या गेल्या असत्या. १९६७ मध्ये मणिभाईंनी भारतीय अॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजेच 'बाएफ' ही संस्था स्थापन केली. तिने वेगळी वाट धरली : गाय शेतकऱ्याचीच, वळू मात्र होल्स्टीन किंवा जर्सी या परदेशी जातीचा आणि संकर त्याच्या दारात.

हे शक्य झाले ते कृत्रिम रेतनामुळे. भारतात पहिले कृत्रिम रेतन १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धालयात संपतकुमारन यांनी केले होते. पण ताजे वीर्य फार काळ टिकत नसे. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना असे आढळले, की ग्लिसरॉल मिसळले तर शुक्राणू गोठवूनही जिवंत राहतात. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला, ते वर्षानुवर्षे ठेवता येतात. वळू आता बारीक नळीत बसून मोटरसायकलवरून गोठ्यापर्यंत जाऊ लागला. वळू कोणी पोसायचा, हा गावाचा जुना प्रश्नच उरला नाही.

काळही अनुकूल होता. १९७२ च्या दुष्काळाने कोरडवाहू शेतकऱ्याचे कंबरडे मोडले होते आणि रोज पैसा देणारा जोडधंदा हवा होता. धरणे-कालव्यांनी नदीकाठी ऊस वाढला. उसाबरोबर जनावरांना वाढे मिळू लागले. सहकारी साखर कारखान्यांनी संकराच्या कामाला हात दिला, सहकारी दूध संघांनी दुधाला गिऱ्हाईक दिले. मोटेची जागा पंपाने आणि पुढे नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली. शेजारच्या राहुरीच्या कृषी विद्यापीठात गीर, जर्सी आणि होल्स्टीन यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' तयार झाली. एका पिढीच्या आत गोठ्यातली गाय बैलाची आई राहिली नाही. ती डेअरीच्या कॅनची आई झाली.

पुढच्या पिढीचे काय?

पहिला संकर फार उत्साहवर्धक असतो. गावरान आई आणि परदेशी बाप यांची मुलगी आईच्या कितीतरी पट दूध देते आणि उन्हा-रोगालाही बऱ्यापैकी टिकते. यात बापाच्या जनुकांचा वाटा असतो, तसाच 'संकरजोमा'चाही असतो. दोन अगदी वेगळे वंश एकत्र आले की एकाकडच्या दुबळ्या जनुकाला दुसऱ्याकडचे सबळ जनुक झाकते. पण पहिल्या पिढीच्या या मुलींना पुढे कोणता वळू लावायचा? पुन्हा परदेशी लावला तर परदेशी रक्त ७५ टक्क्यांवर जाते. दूध वाढू शकते, पण ऊन, गोचीड आणि निकस चारा सोसत नाही. संकरितच वळू लावला तर संकरजोमाचा काही भाग गळून पडतो आणि मुली एकसारख्या निघत नाहीत. परदेशी रक्त ५० ते ६२.५ टक्के असावे, असा मध्यम मार्ग शास्त्रज्ञांनी सुचवला. तो पाळायचा तर संकरित वळूंमधले सरस कोणते, हे कळायला हवे. म्हणजे आपण पुन्हा मुलींच्या नोंदीपाशी येऊन थांबलो.

आणि येथेच घोडे अडते. सकाळी सहा वाजता केडगावच्या किंवा न्हावऱ्याच्या एखाद्या संकलन केंद्रावर जाऊन पाहा. प्रत्येक घराच्या दुधाची नोंद होते, लिटर किती, फॅट किती. पण ही नोंद कॅनची आहे, गायीची नाही. दोन गायींचे दूध एकाच कॅनमध्ये ओतले गेले, की त्यातले कोणते कुणाचे ते कायमचे पुसले गेले. आणि त्या गायीचा बाप कोण, तो कागद तर केव्हाच हरवलेला असतो. जगात क्वचितच कोठे दुधाची इतकी मोजमापे रोज होत असतील आणि वंशनिवडीला त्यांचा इतका थोडा उपयोग होत असेल.

यावर उपाय म्हणून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९८५ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या गोठ्यांतच संतती-परीक्षण सुरू केले. देशातल्या पहिल्या तीन केंद्रांपैकी एक उरळी कांचनचे बाएफचे होते. इतर दोन केरळ आणि पंजाबातली. एका गटातल्या वळूंचे रेतन अनेक गावांत विखरून करायचे, जन्मलेल्या कालवडींना बिल्ले मारायचे, त्या विण्याची वाट पाहायची आणि मग महिन्यातून एकदा घरी जाऊन प्रत्येकीचे दूध मोजायचे. डेन्मार्कची वही नव्वद वर्षांनी आपल्याकडे आली. काम किती चिकाटीचे ते पाहा. वळूचे वीर्य वापरात येईपर्यंत त्याचे दीड-दोन वर्षांचे वय होते. नऊ महिन्यांनी मुलगी जन्मते, ती तीन वर्षांच्या सुमारास विते आणि तिचे वेत पूर्ण व्हायला आणखी दहा महिने. निकाल लागेपर्यंत वळू सहा-सात वर्षांचा झालेला असतो. तोवर काही कालवडी विकल्या गेलेल्या असतात, काही मेलेल्या, काहींचे बिल्ले पडलेले.

एकच गुण निवडला तर

येथे जगाच्या अनुभवाकडे थोडे पाहायला हवे, कारण ज्या होल्स्टीनचे रक्त आपल्या गोठ्यांत आले, तिच्या घरी काय झाले ते बोलके आहे. उत्तर अमेरिकेत १९६० नंतर संतती-परीक्षण आणि गोठविलेले वीर्य यांच्या जोरावर होल्स्टीनचे दूध प्रचंड वाढले. निवड मुख्यतः दुधाची होती. पण चार दशकांत लक्षात आले की गायी वेळेवर गाभण राहत नाहीत. गाभण राहण्याच्या गुणात वारशाचा वाटा अगदी थोडा, पाच टक्क्यांहूनही कमी. म्हणून त्याकडे दुर्लक्ष झाले. पण वाटा थोडा म्हणजे शून्य नव्हे. २००३ मध्ये अमेरिकेने वळूंच्या मूल्यमापनात मुलींच्या गर्भधारणेचा गुण सामील केला. नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी मात्र १९७० च्या दशकातच प्रजननक्षमता आणि कासदाहाला प्रतिकार यांना निवडीत जागा दिली होती आणि त्यांची तांबडी गाय त्या गुणांसाठी आज ओळखली जाते.

दुसरी गोष्ट एका वळूची. १९६२ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या 'चीफ' नावाच्या होल्स्टीन वळूला १६,००० हून अधिक मुली झाल्या आणि पणती तर वीस लाखांहून अधिक. त्याच्या जनुकांनी दुधाचे अब्जावधी डॉलर मिळवून दिले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की याच वळूकडे एका जनुकाची सदोष प्रत होती. आई आणि बाप दोघांकडूनही ती आली तर गर्भ पोटातच मरतो. जगभर पाच लाखांवर गर्भपात या एका दोषामुळे झाले असावेत, असा अंदाज आहे. सगळ्यांनी एकच उत्तम बाप निवडला, की नातवंडे-पतवंडे एकमेकांची भावंडे होतात आणि झाकलेला दोष उघडा पडतो. बेकवेललाही हे चुकले नव्हते. त्याची लाँगहॉर्न गाय मांसासाठी सरस झाली, पण दुधात आणि वेतात मागे पडली आणि शेतकऱ्यांनी ती सोडून दिली.

म्हणजे निवड आपण जे मोजतो ते देते, आणि जे मोजत नाही ते गुपचूप काढून घेते. खिल्लारीच्या जाणकाराने दूध मोजले नाही, त्याला दूध मिळाले नाही. दूधवाल्याने गाभण राहणे मोजले नाही, त्याच्या गायी भाकड राहू लागल्या.

नको असलेला मुलगा

शंभर वर्षांपूर्वी शिरूरच्या घरात गोऱ्हा झाला की आनंद होई. आज संकरित गायीला गोऱ्हा झाला की गोठ्यात शांतता पसरते. त्याला वशिंड नीट नाही, म्हणून जू बसत नाही. उन्हात तो धापा टाकतो. ट्रॅक्टर आल्यावर बैल तरी किती लागणार? २०१५ पासून महाराष्ट्रात गोऱ्हे आणि बैल यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. दूध न देणाऱ्या, काम न करणाऱ्या तोंडाला चारा घालणे दोन एकरवाल्याला जड जाते आणि पुष्कळदा त्या वासराच्या वाट्याला उपासमार येते. याबद्दल गावात कोणी मोठ्याने बोलत नाही, पण ठाऊक सगळ्यांना असते.

विज्ञानाने यावरही तोड काढली आहे. मुलगी घडवणाऱ्या शुक्राणूत मुलगा घडवणाऱ्यापेक्षा सुमारे चार टक्के डीएनए जास्त असतो. या फरकावरून शुक्राणू वेगळे करता येतात आणि अशा लिंगनिवडीच्या वीर्यामुळे साधारण दहापैकी नऊ वासरे कालवडी होतात. जी गाय खोंडासाठी पाळली जाई, तिला खोंड होऊच नये याची ही व्यवस्था.

खिल्लारीचा खोंड मात्र एका कारणाने टिकून राहिला, बैलगाडा शर्यत. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत यात्रेचा घाट म्हणजे गावाची प्रतिष्ठा. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी ती दुरुस्ती वैध ठरवली. जनावराला होणाऱ्या क्लेशांचा प्रश्न खरा आहे आणि त्याची चर्चा व्हायलाच हवी. पण वंशरेषेच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवावी लागते : एखादी जात एकाच उपयोगाच्या खुंटीवर टांगली, की ती खुंटी हलली तरी जात धोक्यात येते. शिवाय शर्यत वेग निवडते. कडब्यावर टिकणारी, दरवर्षी विणारी आई ती निवडतेच असे नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातली देशी गुरे आधीच्या गणनेहून सुमारे ६ टक्क्यांनी घटली आणि परदेशी व संकरित जवळजवळ २७ टक्क्यांनी वाढली, हे आकडे या पार्श्वभूमीवर वाचावेत.

वही अजून हवीच

२००१ मध्ये म्यूविसेन, हेज आणि गॉडर्ड या तीन शास्त्रज्ञांनी एक कल्पना मांडली. गायीच्या जनुकसंचावर हजारो ठिकाणी खुणा तपासायच्या, दुधाच्या नोंदींशी त्यांचा संबंध एकदा जुळवायचा आणि पुढे नुसत्या रक्ताच्या किंवा केसाच्या नमुन्यावरून नवजात वासराचे मोल ठरवायचे. सहा-सात वर्षे थांबणे नको. आपल्याकडच्या लहान गोठ्यांना तर याचा दुहेरी फायदा. बाप कोण हे कागदावर नसले तरी नाते जनुकांवरून कळते. बाएफच्या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियातल्या सहकाऱ्यांबरोबर संकरित गायींवर केलेले असे काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. एक-दोन गायींच्या गोठ्यांतूनही, वंशावळ नसताना, सरस जनावरे काही प्रमाणात ओळखता येतात असे त्यात दिसले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे देशी गायी-म्हशींसाठी तयार केलेल्या जनुकीय चिपांचे लोकार्पण झाले.

पण एक गैरसमज व्हायला नको. चिप जनुके वाचते, गाय कशी आहे ते तिला कोणीतरी आधी सांगावे लागते. कोणत्या गायीने किती दूध दिले, किती वेळा भरवल्यावर ती गाभण राहिली, कास सुजली का, किती वेतांपर्यंत टिकली, हे गोठ्यात लिहिले गेले नाही तर चिपही मुकी. म्हणजे १८९५ ची वही २०२४ मध्येही लागतेच. आता निदान कानातल्या बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक आहे. त्याच्यापुढे लिहायचे काय, ते आपण ठरवायचे आहे.

या कामात शाळा थोडा हातभार लावू शकते. प्रत्येक मुलाने आपल्या किंवा शेजारच्या एका गायीची वही वर्षभर ठेवावी : बिल्ल्याचा क्रमांक, आई-बाप माहीत असल्यास, विण्याची तारीख, पंधरवड्यातून एकदा दोन्ही वेळचे मोजलेले दूध, माज, भरवल्याची तारीख, आजार. वर्षाच्या शेवटी आलेख काढा, वेतांमधले अंतर मोजा. आणि वहीच्या शेवटच्या पानावर मुलांना एक प्रश्न लिहायला सांगा, जो कुठल्याच छापील तक्त्यात नसतो : या गायीच्या वासराचे पुढे काय झाले?

पहिल्या दिवशी आजोबांनी दिलेले उत्तर तेव्हा मुलांना आठवेल. त्यांची गाय कोणाची आई होती, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आपली गाय कोणाची आई असावी, हे आपण अजून नीट ठरवलेले नाही.